“माका नको!” असं जीभ का म्हणते?

मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव लागतो, तेव्हा टोपलीत कधी शिंगाळा पाहिलाय? तोंडाशी लांब मिशा, अंगावर एकही खवला नाही, गुळगुळीत मासा. हा मांजरमाशांच्या कुळातला. या कुळाची एक खुबी ऐकलीत तर थक्क व्हाल. यांना चव नुसती तोंडात कळत नाही, अंगभर कळते! चव ओळखणाऱ्या रुचिकलिका यांच्या मिशांवर असतात, ओठांवर असतात, पाठीवर असतात, पार शेपटीपर्यंत असतात. या कुळातल्या काही जातींच्या अंगावर तर एक लाखाहून जास्त रुचिकलिका असतात. पाणी कितीही गढूळ असो, मिशी लागली की समोर खाऊ आहे की दगड ते समजलंच.

आता त्याच समुद्रातला दुसरा प्राणी बघा. तारकर्ली-देवबागसमोर डॉल्फिन उड्या मारतात ना? डॉल्फिन मासा चावत बसत नाही, अख्खा गिळतो. शास्त्रज्ञांनी डॉल्फिन आणि देवमाशांची जनुकं तपासली, तेव्हा २०१४ साली असं दिसून आलं, की गोड, कडू आणि मांस-मासळीची खमंग चव ओळखणारी त्यांची जनुकं निकामी झालेली आहेत. म्हणजे एवढा ताजा फडफडीत बांगडा पोटात जातो, आणि त्याची खरी चव डॉल्फिनला कळतच नाही! आणि आई मासे साफ करायला बसली की जी मांजर पायात घुटमळते, तिला गोड चव कळत नाही. तिच्यापुढे जत्रेतला गुळाचा खाजा ठेवलात, तरी त्याचा गोडवा तिच्या जिभेला लागायचा नाही.

ज्याचं जगणं जसं, तशी त्याची जीभ. आपण माणसं तर भात खातो, मासे खातो, पाला खातो, कंद खातो, फळं, शेंगा, मध, अंडी सगळं खातो. म्हणून आपल्या जिभेला पाच चवी ओळखाव्या लागतात. गोड, खारट, आंबट, कडू या चार तुम्हाला माहीतच आहेत. पाचवी उमामी. ती १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेडा नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने शोधली. समुद्री शेवाळाचं सूप त्याला इतकं चविष्ट का लागतं, हे शोधता शोधता त्याला त्यात ग्लुटामेट नावाचा पदार्थ सापडला. आपल्याकडे शेवाळाचं सूप नसेल, पण सुका जवळा तव्यावर भाजताना जो घमघमाट सुटतो आणि भाताबरोबर त्याची जी चव लागते, तिच्यात हीच उमामी असते. आईच्या दुधातही ग्लुटामेट असतं. म्हणजे या पाचव्या चवीशी आपली ओळख पाळण्यातच झालेली असते.

(जिभेच्या टोकाला गोड कळतं आणि मागे कडू, असं एक चित्र जुन्या पुस्तकांत असायचं. ते चूक आहे. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. टोकावर चिमूटभर मीठ आणि मग चिमूटभर साखर ठेवून तुम्हीच खात्री करा.)

जीभ या चवींवरून काय अंदाज बांधते ते फार हुशारीचं आहे. गोड लागलं, म्हणजे यातून ताकद मिळेल. उमामी लागली, म्हणजे यात प्रथिनं असतील. फार आंबट लागलं, म्हणजे फळ कच्चं असेल किंवा पदार्थ आंबून गेला असेल. आणि कडू? कडू लागलं की जीभ म्हणते, थांब! गोड ओळखायला आपल्याकडे एकच प्रकारचा ग्राहक रेणू आहे, पण कडू ओळखायला सुमारे पंचवीस प्रकारचे. इतका बंदोबस्त कशासाठी? विषासाठी. वनस्पतींमधली बरीचशी विषं कडू असतात.

कोकणातल्या रानात काजऱ्याचं झाड असतं. पिकलं की त्याचं फळ नारिंगी दिसतं, लहानसं संत्रंच जसं. पण त्याच्या बियांत स्ट्रिकनीन असतं, आणि ते माणसाचा जीव घेऊ शकतं. हे स्ट्रिकनीन इतकं कडू, की पाण्यात अगदी नावापुरतं असलं तरी जिभेला कळतं. (त्या फळाला हातही लावायचा नाही हं. जीभ हुशार असली तरी तिची परीक्षा विषावर घ्यायची नसते.) आता विचार करा. दुडूदुडू चालणारं एखादं दोन वर्षांचं पोर आईची नजर चुकवून रानात गेलं. समोर सुंदर नारिंगी फळ पडलंय. जर त्या पोराला नवं दिसेल ते आवडलंच असतं, तर काय झालं असतं?

म्हणूनच साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात मुलांना अनोळखी खाण्याची धास्ती सगळ्यात जास्त वाटते. पुढे ती हळूहळू ओसरते, कुणाची लवकर, कुणाची उशिरा. “माका नको!” म्हणणारं मूल हट्टी नसतं की वाईट नसतं. त्याच्या शरीरातला एक फार जुना पहारेकरी त्याचं काम करत असतो. सिंधुदुर्ग किल्ला आठवा. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू केलं, आणि त्याचा महादरवाजा अशा खुबीने बांधलाय की होडी जवळ गेल्याशिवाय तो दिसतच नाही. शत्रूने थेट आत शिरू नये म्हणून. आपल्या तोंडाशीही असाच पहारा असतो. ओळखीचा आला तर आत या, अनोळखी आला तर बाहेरच उभं राहा.

मग एकाच घरात बहीण कारलं आवडीने खाते आणि भाऊ तोंड वाकडं करतो, ते का? त्याचीही एक गोष्ट आहे. १९३१ साली अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाचा रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत एक पांढरी पूड बाटलीत भरत होता. थोडी पूड हवेत उडाली. शेजारचा सहकारी ओरडला, “किती कडू आहे हे!” फॉक्सला मात्र काहीच चव लागली नव्हती. दोघांनी पुन्हा पुन्हा जिभेला लावून पाहिली. एकाला कडूजहर, दुसऱ्याला काहीच नाही! मग बऱ्याच लोकांना ती चाखायला दिली, तेव्हा कळलं की जगात असे दोन्ही प्रकारचे लोक आहेत आणि हा फरक आईवडिलांकडून येतो. पुढे २००३ साली त्यामागचं जनुकही सापडलं. म्हणून पानावर बसल्यावर “मला कडू लागतंय” असं कुणी म्हणालं, तर त्याला खोटं पाडू नका. त्याच्या जिभेला खरंच तसं लागत असेल.

पण जन्मजात जीभ ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी गोष्ट म्हणजे जीभ शिकते, आणि तिचं शिकणं कधी सुरू होतं ठाऊक आहे? आईच्या पोटात! अमेरिकेतल्या ज्युली मेनेला या संशोधिकेने काही आयांना बाळ पोटात असताना गाजराचा रस प्यायला दिला. २००१ साली त्यांनी निष्कर्ष छापले. त्या आयांच्या बाळांना पुढे गाजराची चव असलेली पेज दिली, तेव्हा ती त्यांना इतर बाळांपेक्षा जास्त पसंत पडली. मग मालवणच्या बाळाला नारळाची आणि माशाच्या कढीची ओळख कुठून सुरू होत असेल, बघा!

आणि पहारेकरी कसा शिकतो? ओळखीने. एखादा पदार्थ थोडासा खाल्ला, पोट बिघडलं नाही, की मेंदू त्याची नोंद करतो. पुन्हा खाल्ला, पुन्हा काही वाईट झालं नाही, नोंद पक्की होते. अमेरिकेतल्या लीॲन बर्च यांनी लहान मुलांवर वर्षानुवर्षं असे प्रयोग केले. नव्या पदार्थाशी गट्टी जमायला बऱ्याच मुलांना आठ-दहा, कधी पंधरा वेळाही तो चाखावा लागतो, असं त्यांच्या आणि इतरांच्या अभ्यासातून दिसलं. आपण मात्र दोनदा चाखतो आणि “माका आवडणा नाय” म्हणून मोकळे होतो. घरचेही तिसऱ्यांदा देत नाहीत. म्हणजे शिकवणी सुरू व्हायच्या आधीच शाळा सुटली! याच्या उलट, एखादा पदार्थ खाल्ल्यावर एकदा जरी उलटी झाली, तरी मेंदू तो वर्षानुवर्षं नको म्हणतो. नावड एका दिवसात शिकता येते. आवडीला वेळ लागतो.

जीभ किती शिकू शकते याचा सगळ्यात मोठा पुरावा तुमच्या घरच्या डब्यात भरून ठेवलेला आहे. मालवणी मसाला! त्यातली मिरची कोकणातली नव्हेच. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज गोव्यात आले, त्यानंतर सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्यावर पोचली. त्याआधी इथल्या सारात मिरी होती, आलं होतं, तिरफळ होतं, पण लाल मिरची नव्हती. काजूही ब्राझीलहून आला. आज वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने तयार केलेल्या काजूच्या जाती ‘वेंगुर्ला’ याच नावाने ओळखल्या जातात, इतका तो आपला झाला. बटाटा, टोमॅटो, पेरू, पपई, अननस, सगळे तिकडचेच. नाचणी त्याहून कितीतरी आधी, हजारो वर्षांपूर्वी, आफ्रिकेतून आली. म्हणजे तुमच्या खापर-खापर-खापरपणजीच्या पुढ्यात पहिल्यांदा बटाटा आला असेल, तेव्हा तिनेही नाक मुरडलं असेल की नाही?

त्यात मिरची तर चवच नाही. ती भाजल्याची जाणीव आहे! आपल्या तोंडात तापमान ओळखणारे चेतातंतू असतात. त्यांच्यावरचा जो ग्राहक चटका बसल्यावर जागा होतो, तोच मिरचीतल्या कॅप्सायसिनने जागा होतो. हा ग्राहक १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडला, आणि २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. बांगड्याच्या तिखल्यात आजी ठेचून घालते त्या तिरफळाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्याच वंशातली एक मिरी चीनमध्ये खातात. तिच्याने ओठांना मुंग्या येतात. लंडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली मोजून पाहिलं, तर ओठांना होणारी ती झिणझिण सेकंदाला सुमारे ५० कंपनांसारखी भासते असं निघालं. नुकत्याच जन्मलेल्या एकाही बाळाला मिरची आवडत नाही. तरीही तुम्ही आज तिखट सार ओरपता. जी जीभ चटका आवडून घ्यायला शिकते, ती शेवग्याचा पाला शिकणार नाही?

आता शाळेच्या डब्याकडे वळू.

समजा, तुम्हाला डब्यात फक्त तांदळाचे पांढरे घावणे चालतात. तर आईला सांगा, उद्याच्या पिठात एकच चमचा नाचणीचं पीठ घाल. घावण्याला जरासा तपकिरी रंग येईल, चव जवळपास तीच राहील. सवय झाली की दोन चमचे, मग तीन. महिन्या-दीड महिन्यात तुम्ही चांगला तपकिरी घावणा खात असाल, आणि पहारेकऱ्याला तो अनोळखी वाटणारही नाही. नाचणी कशासाठी? १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, तांदळात त्या मानाने अगदीच थोडं. तुमची हाडं आत्ता वाढतायत, त्यांना ते हवंय.

या युक्तीचा मंत्र एवढाच, की ओळखीच्या पदार्थाचा हात धरून अनोळखी पदार्थाला आत आणायचं. फणसाचे तळलेले गरे आवडतात? मग पुढच्या पायरीला मीठ घालून उकडलेल्या आठळ्या. मग कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, भरपूर ओल्या खोबऱ्याची. बटाट्याची भाजी आवडते? तिच्यात एक दिवस थोडे काळे वाटाणे. पुढे काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी. गोकुळाष्टमीला आपल्याकडे आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी एकाच पानात वाढतात. आवडत्या आंबोळीच्या शेजारी कडवट पाला! माझ्या मते जिभेला शिकवायचा हा फार शहाणा बेत आहे, आणि तो वर्षातून एकदाच का करायचा?

एक गोष्ट मात्र मला मनापासून सांगायची आहे. भाजी किसून, वाटून, पराठ्यात लपवून देतात, त्याने पोटाला भाजी मिळते, पण पहारेकरी काही शिकत नाही. त्याने भाजी पाहिलीच नाही, तर ओळखणार कशी? म्हणून डब्याच्या एका कोपऱ्यात नवा पदार्थ उघडा ठेवायचा. दोन घास पुरेत. बाकीचा डबा आवडीचा, म्हणजे उपाशी राहायची भीती नाही. पहिल्या दिवशी नुसतं बघा. दुसऱ्या दिवशी वास घ्या. मग कधीतरी जिभेच्या टोकाला लावा. गिळलंच पाहिजे असं नाही.

वास घ्यायला का सांगतोय? आपण ज्याला चव म्हणतो, त्यातला मोठा भाग नाकाचा असतो. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागून नाकात चढतो. पिकलेल्या केळ्याचा आणि चिकूचा एकेक तुकडा घ्या. मित्राचे डोळे बांधा, नाक चिमटीत धरायला सांगा आणि एकेक तुकडा भरवा. कोणतं कोणतं ते सांगताना त्याची फजिती होईल. मग नाक सोडायला सांगा, आणि त्याचा चेहरा बघा! सर्दी झाल्यावर जेवण बेचव लागतं ते याचमुळे.

आणि कितीदा तर चव नव्हे, स्पर्शच नको असतो. भेंडी बुळबुळीत लागते म्हणून नको, घावणा ओला चिकट झाला म्हणून नको. त्यावर उपाय आहेत. भेंडीत आमसूल घातलं आणि ती कोरडी परतली, की बुळबुळ जाते. गरम घावणे डब्यात कोंबून झाकण लावलं, तर आतली वाफ झाकणाला थडकून पाणी होते आणि खाली ठिबकते. घावणे थोडे निवू द्या, मग झाकण लावा. आपली हवा दमट आणि उकाड्याची, त्यामुळे ओल्या खोबऱ्याची चटणी दुपारपर्यंत आंबू शकते. शाळेच्या डब्यात सुकी चटणी बरी.

मधल्या सुट्टीत तुम्ही कुणाशेजारी बसता, यानेसुद्धा जीभ बदलते. लीॲन बर्च यांनी १९८० साली एक मजेशीर प्रयोग छापला. एक भाजी आवडणाऱ्या मुलाला, दुसरी भाजी आवडणाऱ्या तीन-चार मुलांबरोबर काही दिवस जेवायला बसवलं. चार दिवसांत बरीच मुलं स्वतःहून ती दुसरी भाजी निवडू लागली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी रागावलं नव्हतं. देशात १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालेल्या योजनेमुळे आज सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची मुलं पोषण आहाराला एका पंगतीत बसतात. त्या पंगतीचा हाही एक मोठा फायदा आहे. आंबोलीच्या पायथ्याकडून आलेल्या मित्राच्या डब्यातली कुळथाची पिठी किंवा बंदरावरच्या मैत्रिणीच्या डब्यातलं सुक्या बांगड्याचं किसमूर चाखून बघा. पण आधी विचारा. काहींना काजू, कोळंबी किंवा मासे सोसत नाहीत, काही घरांत मासे खात नाहीत. ज्याला सोसत नाही त्याला आग्रह करायचा नाही.

आता हे पान जरा आईबाबांना, आजी-आजोबांना वाचायला द्या. अमेरिकेत २००६ साली छापून आलेल्या एका अभ्यासात मुलांना सूप दिलं होतं. काही वेळा “संपव, संपव” असा तगादा लावला, काही वेळा काहीच म्हटलं नाही. तगादा लावला तेव्हा मुलांनी सूप कमी प्यायलं आणि त्याला नावंही जास्त ठेवली. “भाजी खा, मग चॉकलेट” यानेही चॉकलेटचीच किंमत वाढते, भाजीची नाही. डबा अर्धा परत आला तर रागावू नका. तोच पदार्थ तीन-चार दिवसांनी पुन्हा दोन घास ठेवा, आणि घरी तुम्हीही तो मुलांसमोर आवडीने खा. पण मूल मोजकेच दोन-तीन पदार्थ खात असेल, घास घशात अडकत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आणि तुम्ही मुलांनो, वहीचं एक पान काढा. वर एकाच पदार्थाचं नाव लिहा. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा टाकळा उगवतो, तो लिहा. नाहीतर कुळीथ, नाचणी, शेवगा, जे आजवर नको म्हटलं ते. चाखलंत की एक रेघ मारा आणि रेघेपुढे कसं लागलं ते एका शब्दात लिहा. पंधरा रेघा होईपर्यंत आवडलं की नाही याचा निकाल लावू नका.